चाकाचा सूर

सायकलचे चाक भक्कम दिसते खरे, पण सारा भार पेलतात त्या बारीक तारा. आपल्याकडील जुन्या उंच सायकलींना पुढे 32 आणि मागे 40 तारा असतात. त्यांतील एक सैल पडली की तिचा वाटा शेजारणींवर येतो, चाक डुलू लागते आणि पुढे एखादी तार हबाजवळच्या वळणात तुटते.

या डुलण्याला दुकानदार ‘आउट’ म्हणतात. तो घरीही काढता येतो. सायकल उलटी ठेवून चिमट्याशी खडू स्थिर धरावा व चाक हळू फिरवावे. खडू लागेल तेथे रिम त्या बाजूला झुकलेली असते. तेथील पलीकडच्या बाजूच्या तारांची निपले चावीने पाव फेरा आवळावीत, अलीकडची तितकीच सैल करावीत. घाई नको, तंबोऱ्याची खुंटी तरी आपण एका झटक्यात कुठे पिळतो?

मग कान लावावा. तार नखाने छेडली की बोलते. तिचा ताण निम्मा झाला, तर सूर षड्जावरून मंद्र सप्तकातील तीव्र मध्यमाशी उतरतो. पुढच्या चाकाच्या सर्व तारा एका सुरात हव्यात. मागे फ्रीव्हीलच्या बाजूच्या तारा अधिक ताणलेल्या, म्हणून चढ्या. तेव्हा ताडून पाहावे ते एकाच बाजूच्या तारांशी.

शेवटी टायर-ट्यूब उतरवून निपलांबाहेर आलेली टोके कानशीने घासावीत, नाहीतर ट्यूबला छिद्र पडेल. याच चाकांवर आपली मुले भर रहदारीतून शाळेला जातात. महिन्यातून एकदा ती ऐकावीत, एवढेच वाचकांना सांगणे.