अंधार आधी, यंत्र नंतर

आज एका खोलीविषयी बोलायचं आहे. खोली दहा फूट रुंद, बारा फूट लांब. मिरजेतल्या आमच्या जुन्या घराच्या तळमजल्यावर अम्मी तिथे झोपते. एक पलंग, एक लोखंडी कपाट, पश्चिमेला एक खिडकी आणि मधोमध पंखा. आता त्या खोलीत थेटरही आहे, आणि ते पंचवीस हजार रुपयांत झालं.

अम्मी एकोणऐंशी वर्षांची. तिला सिनेमाचं वेड आहे, पण गुडघे साथ देत नाहीत. चार वर्षांपूर्वी एका चित्रपटगृहात अंधारात पायरीचा अंदाज चुकला आणि ती पडली. हाड मोडलं नाही, पण धीर मोडला. ‘बस्स बेटा, माझा सिनेमा संपला,’ असं म्हणाली आणि नंतर तो विषयच तिने काढला नाही. बैठकीत टीव्ही आहे. पण तिचं म्हणणं, ‘टीव्हीत माणसं लहान होतात. सिनेमात ती आपल्याहून मोठी असतात.’ अब्बांबरोबर लग्नानंतर पाहिलेला पहिला सिनेमा ‘मुघल-ए-आझम’. तो पुन्हा पडद्यावर बघायचा, एवढीच तिची इच्छा. मोबाइलवर लावून दिला तर दहा मिनिटांत चष्मा काढून ठेवला.

म्हणून मी घाईघाईने एक प्रोजेक्टर मागवला. डब्यावर मोठ्या अक्षरांत ‘९००० ल्युमेन’ असं लिहिलेलं, किंमत सहा हजार. भर दुपारी तो आला, आणि दम नसल्यामुळे मी तो तसाच दुपारी भिंतीवर लावला. पाणी घातलेल्या दुधासारखं चित्र दिसलं. कोण अनारकली आणि कोण दासी, कळेना. अम्मी म्हणाली, ‘चांगलं आहे.’ ते ‘चांगलं आहे’ फार लागलं मला. दुकानदाराने पैसे परत केले नाहीत. तिथून मी या विषयाच्या मागे लागलो, आणि जे समजलं ते सांगतो.

ल्युमेन म्हणजे प्रकाश मोजायचं माप. पण तो कुठे मोजला, हा प्रश्न आधी विचारायचा. डब्यावरचा भला मोठा आकडा बहुधा आतल्या दिव्याचा असतो, नाहीतर नुसता कल्पनेतला. काचेतून, भिंगातून बाहेर येईपर्यंत त्यातला बहुतेक प्रकाश आतच मुरतो. खरा आकडा तो, जो पडद्यावर पडलेल्या चित्राच्या नऊ ठिकाणी मोजून त्यांची सरासरी काढून मिळतो. त्याला ‘एएनएसआय ल्युमेन’ म्हणतात. दुकानात एवढाच शब्द विचारा. विक्रेता गप्प झाला तर पुढच्या दुकानात जा.

आता थोडं गणित. चित्रपटगृहाच्या पडद्यावरून किती प्रकाश डोळ्यांकडे यावा, याचं एक मान ठरलेलं आहे. साध्या पांढऱ्या पडद्यावर दर चौरस फुटाला चौदा ते सोळा ल्युमेन, असं ते ढोबळमानाने धरता येतं. ८० इंचाचा पडदा घ्या. हे ८० इंच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, तिरके. त्याची रुंदी ७० इंच, उंची ३९ इंच, म्हणजे क्षेत्रफळ १९ चौरस फूट. १९ला सोळाने गुणलं की ३०४ येतात. याचा अर्थ, खरोखरचे ३०० ल्युमेन देणारं साधं यंत्रही अंधारात थेटराइतकं उजळ चित्र देतं! पण हौसेने पडदा १२० इंचाचा केलात तर क्षेत्रफळ ४३ चौरस फुटांच्या आसपास जातं, आणि तोच प्रकाश पसरून दर फुटाला सातच ल्युमेन उरतात. भावाच्या पोराने मला ‘चाचा, मोठाच घ्या’ म्हणून खूप आग्रह केला. मी ८० वर ठाम राहिलो.

मात्र वर मी ‘अंधारात’ म्हटलं, त्या शब्दात सगळं आहे. प्रोजेक्टर पांढरा रंग फेकू शकतो, लाल फेकू शकतो, पण काळा फेकू शकत नाही. काळा म्हणजे प्रकाश नसणं. चित्रात जिथे काळे केस आहेत, रात्र आहे, तिथे यंत्र शक्य तितका प्रकाश अडवतं, आणि आपल्याला दिसते ती मागची भिंत, त्या वेळी खोलीत जेवढा उजेड असेल तेवढी उजळ. दुपारी ती करडी दिसते, म्हणून केस करडे, रात्र करडी, सगळाच सिनेमा करडा. दहा हजार जादा देऊन भारी यंत्र आणलं तरी ही गोष्ट फारशी सुधारत नाही. खिडकी नीट झाकली की ती सुधारते. लहानपणी उरुसात तंबूतला सिनेमा यायचा. त्याचा खेळ दिवस मावळल्याशिवाय सुरू होत नसे, त्याचं कारण मला पन्नाशी उलटल्यावर असं कळलं. अंधारावर कविता पुष्कळ लिहिल्या, तो विकत मिळतो हे ठाऊक नव्हतं.

तर आधी अंधार विकत घ्यायचा. पडद्याच्या दुकानात उजेड अडवणारं जाड अस्तराचं कापड मिळतं. खिडकीच्या मापाचं घेऊ नका. दोन्ही बाजूंना वीतभर जास्त घ्या, नाहीतर कडांमधून रस्त्यावरचा दिवा आत डोकावतो. सगळ्यात जास्त उजेड पडद्याच्या वरच्या फटीतून येतो आणि थेट छतावर पडतो. तिथे सुताराकडून एक फळी आडवी मारून घेतली. दाराखालच्या फटीला जुन्या सतरंजीची गुंडाळी.

एवढं करूनही चित्रात दम येईना, तेव्हा दुसरी गोष्ट ध्यानात आली. पडद्यावरचा उजेडच पांढऱ्या छतावर आणि बाजूच्या भिंतींवर आदळून परत पडद्यावर येतो. आमच्या भिंती तर पोपटी! कृष्णधवल चित्रातल्या चेहऱ्यांवर हलकी हिरवट छटा. मग पडद्याला लागून असलेल्या दोन्ही भिंतींवर तीन-तीन फूट गर्द निळं कापड सोडलं आणि छताचा तेवढाच पट्टा चमक नसलेल्या गडद रंगाने रंगवला. त्या संध्याकाळी फरक असा दिसला की मी यंत्र बदललं की काय, असं बायकोने विचारलं. सगळी खोली काळी करायची गरज नाही. शेवटी तिथे माणूस झोपणार आहे.

पडदा विकतचा घेतला नाही. भिंत गुळगुळीत असेल तर पुट्टी करून चमक नसलेला पांढरा रंग दोन हात द्यावा, तेही चालतं. आमच्या भिंतीला जुन्या गिलाव्याचे उंचवटे आहेत, म्हणून सुताराकडून चौकट करून तिच्यावर तेच अस्तराचं पांढरं कापड ताणून ठोकलं. भोवती तीन इंच काळ्या मखमलीची पट्टी. ही पट्टी नुसती शोभेची नाही. चित्राची कड थोडी बाहेर सांडली तर ती मखमल गिळून टाकते, आणि काळ्या चौकटीशेजारी पांढरं डोळ्यांना अधिक पांढरं भासतं.

यंत्र किती लांब ठेवायचं, हे त्याच्या माहितीपत्रकात एका आकड्यात दिलेलं असतं. आमच्या यंत्राचा आकडा १.४. म्हणजे चित्राच्या रुंदीच्या १.४ पट अंतर. ७० इंच रुंदीला सुमारे आठ फूट. हा आकडा खरेदीआधी बघा. छोट्या खोलीत लांब पल्ल्याचं यंत्र आणलंत तर ते व्हरांड्यात ठेवावं लागेल. पाहणाऱ्याचे डोळे दहा फुटांवर आले. त्या अंतरावरून पडदा नजरेचा तीस अंशांहून थोडा जास्त कोन व्यापतो. थेटरात मधल्या रांगेच्या मागे बसल्यासारखं वाटायला तेवढं पुरतं.

इथे पंख्याने घोटाळा केला. यंत्र छताला टांगलं तर पंख्याची पाती प्रकाशाच्या आड येऊन मधुबालाच्या चेहऱ्यावर फिरायला लागली. मग स्लॅबमध्ये पक्का बोल्ट मारून लोखंडी पाइप सोडला आणि यंत्र पात्यांच्या खाली आणलं. ते उलटं टांगायचं असतं. चित्र सुलट करायची सोय यंत्रातच असते. तिरकं लावून मग बटणाने चित्र चौकोनी करायचीही सोय असते, पण ती शक्यतो वापरू नये. ते करताना यंत्र चित्राचे काही ठिपके खर्ची घालतं आणि अक्षरं धूसर होतात. ठिपक्यांवरून आठवलं. ‘१०८० चालतं’ आणि ‘१०८० आहे’ यांत फरक आहे. पहिल्याचा अर्थ एवढाच की मोठं चित्र आत घेऊन ते लहान करून दाखवतो. यंत्राचे स्वतःचे ठिपके १९२० गुणिले १०८० आहेत का, ते विचारा. यंत्रातच सिनेमाची ॲप असतात, पण स्वस्त यंत्रांना पुष्कळदा त्या कंपन्यांची मान्यता नसते, आणि मग चित्र मुद्दाम हलक्या दर्जाचं पाठवलं जातं. टीव्हीला लावायची मान्यताप्राप्त स्टिक वेगळी लावली की ती अडचण मिटते.

आता आवाज. याबाबतीत मी स्वतःला शहाणा समजत नाही. मिरजेत सतारमेकर गल्ली आहे, तिथला एक जुना दोस्त बोलावला. भोपळ्यावर बोट वाजवून सतार कशी बोलेल हे सांगणारा माणूस. तो खोलीत आला आणि एकदाच जोरात टाळी वाजवली. टाळीमागे झणझण असा बारीक आवाज घुमला. ‘हे ऐकलंस? तुझा प्रत्येक संवाद असा दोनदा-तीनदा बोलला जाणार,’ तो म्हणाला. समोरासमोरच्या उघड्या भिंतींत आवाज चेंडूसारखा टप्पे घेत असतो. उपाय घरातलाच निघाला. खाली सतरंजी, बाजूच्या भिंतीला दोन जाड गोधड्या आणि मागच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट. त्यात माझ्या कवितासंग्रहाच्या न खपलेल्या दीडशे प्रती आहेत. त्या आवाजाला फार छान अडवतात.

खरी अडचण अम्मीच्या कानांची होती. वय झालं की बारीक, उंच स्वर आधी जातात. अ, आ, ओ ऐकू येतात, पण स, फ, त, ख ही व्यंजनं निसटतात आणि शब्द कळेनासा होतो. मग म्हातारी माणसं आवाज वाढवायला सांगतात, घरातली वैतागतात, आणि वाढवूनही त्यांना कळत नाही, कारण वाढतो तो नुसता घुमारा. म्हणून जमीन हादरवणारा तो मोठा डबा मी आणलाच नाही. शेजाऱ्यांची आणि आमची भिंतही एकच आहे. जुन्या बाजारातून दोन चांगले लाकडी स्पीकर आणि एक लहान ॲम्प्लिफायर घेतला. स्पीकर पडद्याच्या दोन अंगांना, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर, कोपऱ्यापासून दूर. कोपऱ्यात ठेवले की खर्ज फुगतो आणि संवाद झाकतो. खर्ज थोडा उतरवला, वरचे स्वर थोडे चढवले. जोडणी वायरनेच केली. बिनवायरीच्या जोडणीत आवाज किंचित मागाहून येतो आणि ओठ आधी हलतात. लोखंडी कपाट खर्जाबरोबर थरथरायचं, त्याच्या दाराच्या फटीत रबराचा तुकडा घातला.

हिशेब सांगून टाकतो. नवं यंत्र सोळा हजार, ॲम्प्लिफायर अडीच हजार, स्पीकर अठराशे, कापड आणि शिलाई बावीसशे, रंग सातशे, चौकट आणि मखमल तेराशे, पाइप-बोल्ट पाचशे. पहिले सहा हजार मूर्खपणाच्या खात्यावर वेगळे.

पहिला खेळ एका शनिवारी रात्री, इशाच्या नमाजनंतर लावला. ‘मुघल-ए-आझम’ १९६०चा. २००४ साली तो सगळा रंगीत करून पुन्हा प्रदर्शित झाला, पण आम्ही जुनाच लावला. जवळजवळ सगळा कृष्णधवल, आणि शीशमहालातलं गाणं आलं की अचानक रंग. काळा रंग काळा दिसतो का, याची याहून कडक परीक्षा नाही. दिवा मालवला तेव्हा पडदा कुठे संपतो आणि भिंत कुठे सुरू होते ते कळेना. अम्मी उशीला टेकून बसली होती. पृथ्वीराज कपूर बोलायला लागले तशी ती पुढे सरकली. आवाज वाढवायला एकदाही सांगितलं नाही. काही संवाद तर ती त्यांच्या आधी पुटपुटत होती. शीशमहाल आला आणि तिने माझ्या मनगटावर हात ठेवला. तीन तासांहून मोठा सिनेमा. मध्यंतरात चहा झाला, आणि संपला तेव्हा बारा वाजून गेले होते.

मी दिवा लावणार तोच म्हणाली, ‘थांब, अजून लावू नकोस.’ थोड्या वेळाने तिनेच विचारलं, ‘उद्या तीनचा खेळ आहे का?’

तीन वाजता आमच्या पश्चिमेच्या खिडकीवर ऊन असं येतं की एका अस्तराचा टिकाव लागत नाही. दुसरा थर शिंप्याकडे टाकला आहे. गुरुवारी देतो म्हणालाय.