विजयादशमीची खरेदी : घरी येणारा संगणक

शारदीय नवरात्राची घटस्थापना झाली की घरोघरी दोन ठिकाणी लगबग सुरू होते. एक देव्हाऱ्यापाशी आणि दुसरी पेठेत. विजयादशमी हा साडेतीन मुहूर्तांपैकी एक पूर्ण मुहूर्त. त्या दिवशी नवी वस्तू घरात आणावी, खंडेनवमीस आपल्या उपजीविकेच्या साधनांची पूजा करावी, मुलांनी पाटीवर सरस्वती रेखून तिला गंधफूल वाहावे, ही आपली जुनी रीत. पाटीच्या शेजारी आता अनेक घरांत संगणकही मांडला जातो व त्यालाही हळदकुंकू लागते. आम्हांस यात काही विपरीत वाटत नाही. ज्या साधनाने विद्या साधते व चरितार्थ चालतो, ते साधन पूज्यच होय. मात्र पूजेस मांडावयाचे साधन निवडताना जी चोखंदळ दृष्टी हवी, ती पुष्कळ घरांत ठेवली जात नाही. वर्षभराच्या बचतीचा मोठा भाग एका सायंकाळी, दुकानातील गर्दीत, केवळ विक्रेत्याच्या शब्दावर खर्ची पडतो.

म्हणून प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट सांगतो. मुहूर्त हा वस्तू घरी आणण्याचा असतो. ती निवडण्याचा नव्हे. निवड आठ दिवस आधी, घरात सर्वांनी एकत्र बसून, कागदावर टिपणे करून व्हावयास हवी. दसऱ्याच्या दिवशी फक्त पैसे मोजावे आणि वस्तू आणावी.

कर्ता, कर्म आणि मग करण

व्याकरणशास्त्राने क्रियेशी संबद्ध अशी सहा कारके सांगितली आहेत. त्यांतील कर्ता म्हणजे क्रिया करणारा, कर्म म्हणजे कर्त्यास जे साधावयाचे ते, आणि करण म्हणजे ते साधण्यास सर्वाधिक उपयोगी पडणारे साधन. संगणक हे करण आहे. तथापि बाजारात जाणारा गृहस्थ नेमका उलटा क्रम धरतो. ‘कोणता संगणक चांगला?’ हा त्याचा पहिला प्रश्न असतो. वास्तविक कर्ता कोण व कर्म कोणते हे ठरल्यावाचून या प्रश्नास उत्तरच नाही.

तेव्हा वाचकहो, प्रथम कागदावर घरातील माणसांची नावे लिहा आणि प्रत्येकापुढे त्याचे काम लिहा. शाळकरी मुलाचा अभ्यास, वडिलांचे बँकेचे व्यवहार, आईचे मराठी लेखन, परगावच्या नातवंडांशी आजी-आजोबांचे समोरासमोर बोलणे, ही सारी कामे साधा संगणक उत्तम करतो. चलच्चित्रांचे संकलन, अभियांत्रिकीची त्रिमितीय रेखाटने किंवा भारी खेळ असतील तरच चित्रणासाठी वेगळे ग्राफिक्स कार्ड असलेला महागडा संगणक लागतो. ज्यांचे काम केवळ निरोप वाचणे व भजने ऐकणे एवढेच आहे, त्यांस हातातील फोन पुरेसा आहे. त्यांनी ही खरेदी न केलेलीच बरी.

संगणक अंकावर घेऊन वापरावयाचा, म्हणजे लॅपटॉप, की टेबलावर मांडावयाचा, म्हणजे डेस्कटॉप, हेही या यादीवरूनच ठरते. ज्यास महाविद्यालयात वा कचेरीत तो नेणे भाग आहे, त्याने लॅपटॉप घ्यावा. वीज गेली तरी त्यातील बॅटरीमुळे काम थांबत नाही, हा त्याचा गुण. परंतु एकाच जागी बसून अनेकांनी वापरावयाचा असेल, तर डेस्कटॉप अधिक हिताचा. त्याचा पडदा मोठा, कळफलक वेगळा, आणि एखादा भाग बिघडल्यास तेवढाच बदलता येतो. वीज वारंवार जाणाऱ्या गावात त्याच्यासोबत यूपीएस घेतलाच पाहिजे, म्हणजे हातचे काम जतन करून संगणक रीतसर बंद करण्यास काही मिनिटे मिळतात. घरातील अर्थिंग ठीक आहे की नाही, हेही वायरमनकडून आधीच पाहून घ्यावे.

अंतरंगाची परीक्षा

दुकानात बाह्यांगावर, रंगीत दिव्यांवर व झगमगीत पेटीवर दृष्टी खिळते. परीक्षा करावयाची ती तीन अंतर्गत भागांची.

पहिला प्रोसेसर. इंटेलच्या जुन्या नामावळीतील आय-३, आय-५, आय-७ किंवा एएमडीचे रायझन ३, ५, ७ या अंकांवरूनच लोक थोरवी ठरवतात. पण केवळ हा अंक पुरेसा नाही. त्यामागची पिढी पाहावी लागते. २०१५ सालचा आय-७ ६७०० आणि २०२२ सालचा आय-३ १२१०० या दोहोंत चार-चारच गाभे आहेत. तरीही नव्या पिढीचा हा आय-३ त्या जुन्या आय-७ हून वेगवान आहे. थोरला अंक ऐकून जुना माल पदरात पडू नये, म्हणून प्रोसेसरचे पूर्ण नाव व क्रमांक लिहून घ्यावा आणि तो कोणत्या वर्षी बाजारात आला याची चौकशी करावी.

दुसरा भाग रॅम, म्हणजे काम चालू असतानाची तात्कालिक स्मृती. आज घरगुती कामास ८ जीबीहून कमी रॅम घेऊ नये. संगणक सहा-सात वर्षे टिकवावयाचा तर १६ जीबी बरी. अनेक पातळ लॅपटॉपांत रॅम मूळ फळीवरच डाखलेली असते व पुढे वाढवता येत नाही. ‘ही नंतर वाढवता येईल काय?’ हा प्रश्न विचारूनच पुढे जावे.

तिसरा भाग साठवणीचा. जुन्या हार्ड डिस्कमध्ये फिरती तबकडी असते. एसएसडीत काहीच फिरत नाही, म्हणून ती कितीतरी वेगाने चालते व धक्क्यालाही अधिक टिकते. संगणक चालू होण्यास लागणारा वेळ या एका भागाने जेवढा कमी होतो, तेवढा दुसऱ्या कशानेही होत नाही. ५१२ जीबीची एसएसडी सर्वसाधारण घरास पुरते. किंबहुना घरातील जुना संगणक मंद चालत असेल, तर आधी त्यात एसएसडी बसवून पाहावी. पुष्कळदा तेवढ्याने काम भागते आणि नव्याचा खर्च वाचतो.

पडद्याबाबत एवढेच ध्यानात असावे की डेस्कटॉपास २२ ते २४ इंचांचा पडदा डोळ्यांस सुखकर होतो. तो हातभर अंतरावर ठेवावा व त्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीस किंवा किंचित खाली असावी. मुलांची मान व वडीलधाऱ्यांचे डोळे या दोहोंचे हित त्यात आहे.

जुना माल, नवे वेष्टन

मोठ्या कचेऱ्यांनी काढून टाकलेले संगणक दुरुस्त करून, पुसूनपासून स्वस्तात विकले जातात. असा संगणक घेणे गैर नाही; मर्यादित प्राप्तीच्या घरास तो आधारही ठरतो. परंतु १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित सुरक्षा-आधार संपविला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, आणि इंटेलचे आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक प्रोसेसर कंपनीच्या मान्य यादीत नाहीत. सहाव्या किंवा सातव्या पिढीचा संगणक ‘विंडोज ११ घालून देतो’ असे कोणी म्हणाले, तर ती पळवाट असते, हे ओळखावे. अशा जुन्या यंत्रावर लिनक्स ही विनामूल्य प्रणाली मात्र चांगली चालते. लेखन व हिशेब यांसाठी लिबरऑफिसही विनामूल्य मिळते.

येथे धर्माचाही एक प्रश्न आहे. परवान्यावाचून नक्कल केलेली प्रणाली ‘फुकट’ म्हणून घालून दिली जाते. ती चोरीची वस्तू होय, आणि तिच्यासोबत घातक आज्ञावल्या घरात शिरण्याचे भय असते. ज्या यंत्रातून बँकेचे व्यवहार करावयाचे, त्यात असे काही असू नये. परवाना अधिकृत आहे याची खात्री करून घ्यावी, अथवा सरळ विनामूल्य प्रणालीचा मार्ग धरावा.

आपली लिपी

मराठी घरातील संगणकावर मराठी लिहिता आले पाहिजे, हे सांगावयास नकोच. युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीच्या १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीचा तीत समावेश आहे. युनिकोडमध्ये लिहिलेला मजकूर कोणत्याही यंत्रावर तसाच उमटतो. जुन्या विशिष्ट टंकांत लिहिलेला मजकूर मात्र तो टंक नसलेल्या यंत्रावर निरर्थक चिन्हांची रास होऊन बसतो. विंडोजमध्ये इन्स्क्रिप्ट कळफलक अंगभूत असतो; त्यात स्वर व मात्रा डावीकडे आणि व्यंजने मुख्यतः उजवीकडे अशी सुसूत्र मांडणी आहे. मुलांना तो लहानपणीच शिकवावा. दुकानदारास तेथेच मराठी चालू करून दाखविण्यास सांगावे आणि स्वतः ‘ज्ञानेश्वर’ व ‘श्रीकृष्ण’ हे दोन शब्द उमटवून पाहावेत.

एक प्रत म्हणजे प्रत नव्हे

चातुर्मासात आमचा मुक्काम असे, अशा एका यजमानांच्या घरची हकीकत सांगतो. त्यांच्या मातोश्रींना जात्यावरच्या शेकडो ओव्या मुखोद्गत होत्या. सूनबाईंनी त्या दोन वर्षे खपून सासूबाईंच्या आवाजात ध्वनिमुद्रित केल्या व संगणकात साठविल्या. फोनमधील जागा रिकामी करण्यासाठी तेथील मूळ मुद्रणे पुसली. पुढे सासूबाई निवर्तल्या. त्यानंतर वर्षभरातच संगणकाची हार्ड डिस्क नादुरुस्त झाली. कारागिराने यत्न केला, पण हाती फारसे लागले नाही. ज्या काही ओव्या परगावच्या लेकीला फोनवरून पाठविल्या होत्या, तेवढ्याच आज त्या कुटुंबाकडे आहेत. संगणकाची किंमत कधीच वसूल झाली होती; जे गेले त्यास किंमत नव्हती.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. ते शक्य झाले, याचे कारण देशाच्या कोनाकोपऱ्यांत त्या ग्रंथाच्या हस्तलिखित प्रती होत्या. एक पोथी वाळवीने खाल्ली तरी दुसरी उरली. संगणकासही हाच न्याय लागू आहे. महत्त्वाच्या गोष्टींच्या तीन प्रती असाव्यात. त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि त्यांतील एक घराबाहेर, नातलगाकडे वा इंटरनेटवरील साठवणीत असावी. एसएसडीदेखील पूर्वसूचना न देता बंद पडू शकते. म्हणून संगणकाच्या खर्चातच एका बाह्य डिस्कची किंमत धरावी. प्रसंगी दिखाऊ वस्तू एक कमी घ्यावी.

पावती, हमी आणि निरोप

पक्की पावती घ्यावी. १८ टक्के वस्तू व सेवा कर वाचविण्याच्या मोहाने कच्ची चिठ्ठी घेणारा पुढे हमीलाही मुकतो. पावतीवर यंत्राचा अनुक्रमांक असावा. हमी किती वर्षांची, दुरुस्ती घरी येऊन होणार की यंत्र शहरी न्यावे लागणार, हे लिहून घ्यावे. तालुक्याच्या गावी राहणाऱ्यांस हा मुद्दा किमतीइतकाच मोलाचा आहे. ‘बिनव्याजी हप्ता’ म्हटला जातो तेव्हा रोखीची सवलत गेली काय व प्रक्रिया-शुल्क किती, हे विचारून एकूण बेरीज स्वतः करावी. तक्रार उद्भवल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडेही दाद मागता येते.

जुना संगणक भंगारवाल्याच्या हाती देऊ नये. त्यातील खाजगी कागद व छायाचित्रे आधी नव्यात उतरवून मग नीट पुसावीत, आणि यंत्र ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्यावे. त्यातील शिसे व अन्य विषारी द्रव्ये मातीत जाऊ नयेत, हीदेखील भूमातेची सेवाच होय.

एवढे झाले की दसऱ्याच्या दिवशी निश्चिंत मनाने पेठेत जावे, ठरलेली वस्तू आणावी, पाटीशेजारी मांडावी, आपट्याचे पान वाहावे. पहिले अक्षर घरातील सर्वांत लहान मुलाकडून मराठीत उमटवून घ्यावे, आणि त्याच आठवड्यात घरातील वृद्धांपाशी बसून त्यांच्या आठवणी, ओव्या, कुळाचार नोंदवून ठेवण्यास आरंभ करावा. त्याच्या प्रती करण्यास विसरू नये. सर्व वाचकांस विजयादशमी सुखाची जावो. इत्यलम्.