आधाराची स्प्रिंग, ओझ्याची स्प्रिंग
द्वितीय वर्ष, कला शाखा

आमच्या वरोर गावात आणि शेजारच्या चिंचणीत डायचे काम पुष्कळ घरांतून चालते. दागिन्याची नक्षी पोलादाच्या ठोकळ्यावर उलटी कोरायची. मग त्या ठोकळ्यावर धातूचा पत्रा ठेवून दाब दिला, की नक्षी पत्र्यावर सुलटी उमटते. या ठोकळ्याला डाय म्हणतात. माझे बाबा गेली बावीस वर्षे हे काम करीत आहेत. सकाळी आठला मान खाली घालून बसतात ते जेवायलाच उठतात, आणि पुन्हा दिवेलागणीपर्यंत बसतात. त्यांनी कोरलेल्या कुयऱ्या आणि मोर आज कुणाकुणाच्या गळ्यात मिरवत असतील. बाबांची पाठ मात्र दोन वर्षांपासून सकाळी लवकर सरळ होत नाही.

व्यायामावरचा लेख पाठदुखीपासून का सुरू केला, असे वाचकांना वाटेल. पण या विषयाकडे मी वळले ती त्या पाठीमुळेच.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत वाणगावहून लोकल पकडून मी मुंबईला मावशीकडे गेले होते. माझी मावसबहीण, जिला मी ताई म्हणते, अंधेरीतल्या एका व्यायामशाळेत कार्यालयाचे काम पाहते. तिथे एकाच मजल्यावर दोन दालने होती. एकात पिलाटेसचे वर्ग चालत आणि दुसऱ्यात लाग्री पद्धतीच्या धर्तीवरचे. ताईच्या ओळखीने मला दोन्ही वर्गांत एकेक दिवस फुकट बसता आले. एरवी तिथली महिन्याची फी ऐकून मी पायरीवरूनच परत फिरले असते.

दोन दालने

दोन्हीकडची यंत्रे प्रथमदर्शनी सारखीच दिसतात. लांबट चौकट, तिच्यात रुळांवर पुढेमागे सरकणारी गादी, आणि गादीला चौकटीशी जोडणाऱ्या चार-पाच स्प्रिंगा. पिलाटेसच्या यंत्राला रिफॉर्मर म्हणतात. त्याच्या एका टोकाला पाय टेकण्यासाठी आडवा दांडा असतो, गादीवर खांदे अडवण्यासाठी दोन उशा असतात आणि हातापायांत अडकवण्यासाठी दोऱ्या असतात. लाग्रीच्या यंत्राचे नाव मेगाफॉर्मर. त्याला दोन्ही टोकांस उभे राहता येईल असे फळे असतात आणि धरण्यासाठी अनेक मुठी असतात.

पहिल्या दिवशी मला रिफॉर्मरवर उताणे झोपवले. पाय दांड्यावर टेकवून गादी ढकलायची आणि सावकाश परत आणायची, एवढेच काम. पण बाई सारख्या सांगत होत्या, "श्वास सोडा, कंबर हलू देऊ नका, टाचा एका रेषेत ठेवा." दहा वेळा झाले की थांबायचे आणि पुढचा प्रकार घ्यायचा. तास संपला तेव्हा मी दमले नव्हते, पण आपल्याला धड झोपताही येत नाही असे मात्र वाटू लागले होते.

दुसऱ्या दिवशीचा अनुभव निराळाच होता. हात पुढच्या फळ्यावर, गुडघे गादीवर. गादी मागे सरकवायची ती मनात चार आकडे मोजत, आणि पुढे आणायची तीही चार आकडे मोजत. वाटले, यात काय आहे? एक मिनिट झाले नसेल तोच माझे पोट आणि दंड थरथरू लागले. मी घाबरून शिक्षकांकडे पाहिले, तर ते खूश! त्यांच्या मते स्नायूंना काम लागल्याची ती खूण होती. विसावा जवळजवळ नाहीच. एक प्रकार संपतो न संपतो तोच दुसरा सुरू. दुसऱ्या दिवशी मावशीच्या घरचा जिना उतरताना मला कठड्याचा आधार घ्यावा लागला.

दोन माणसे

ज्या माणसाच्या नावाने पिलाटेस ओळखले जाते तो जोसेफ पिलाटेस 1883 साली जर्मनीत जन्मला. लहानपणी तो आजारी असे, आणि त्यातूनच त्याला शरीर कमावण्याचा ध्यास लागला असे सांगतात. पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा तो इंग्लंडमध्ये होता. शत्रूराष्ट्राचा नागरिक म्हणून त्याला स्थानबद्ध करण्यात आले, आणि आयल ऑफ मॅन बेटावरील छावणीतही ठेवण्यात आले. तिथे अंथरुणाला खिळलेल्या माणसांना हातपाय हलवता यावेत म्हणून त्याने खाटांना स्प्रिंगा बांधल्या, अशी हकिगत प्रसिद्ध आहे. 1926 साली तो न्यूयॉर्कला गेला. तिथे त्याच्या व्यायामशाळेत नर्तक-नर्तिका येऊ लागल्या, कारण दुखावलेले शरीर पुन्हा कामास लावणारा माणूस त्यांना हवाच होता. त्याने आपल्या पद्धतीला 'काँट्रॉलॉजी', म्हणजे नियंत्रणाचे शास्त्र, असे नाव दिले होते. 1945 साली निघालेल्या त्याच्या पुस्तकात 34 व्यायाम आहेत आणि ते सगळे जमिनीवर करावयाचे आहेत. 1967 साली त्याचे निधन झाले.

सेबॅस्टियन लाग्री हा मूळचा फ्रेंच. त्याला शरीरसौष्ठवाची आवड होती आणि अमेरिकेत लॉस एंजेलिस येथे तो पिलाटेस शिकवीत असे. पिलाटेसची शिस्त चांगली, पण स्नायूंना थकवून बळकट करण्यास ती अपुरी पडते, असे त्याला वाटले. म्हणून या शतकाच्या पहिल्या दशकात त्याने यंत्रच बदलले आणि आपली निराळी पद्धत उभी केली. म्हणजे दुसरी पद्धत पहिलीच्या पोटातूनच निघाली. तरीही लाग्री आपल्या पद्धतीला पिलाटेस म्हणत नाही, आणि ते बरोबरच आहे.

स्प्रिंगचे गणित

मग फरक नेमका कशात? माझ्या मते तो स्प्रिंगेकडे पाहण्याच्या दृष्टीत आहे.

वजन उचलताना दहा किलोचे वजन खालीही दहा किलोचे आणि वरही दहा किलोचेच. स्प्रिंगेचे तसे नाही. ती जितकी ताणावी तितकी अधिक ओढते, हा नियम रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने सतराव्या शतकातच सांगितला. शिवाय ताणलेली स्प्रिंग सोडली की ती परत खेचते. गादी धाडकन आपटू द्यायची नसेल, तर परतीच्या वाटेवरही स्नायूंना काम करावे लागते.

आता एक गंमत पाहा. उताणे झोपून पायांनी गादी ढकलताना स्प्रिंगा वाढवल्या की काम जड होते. पण हात फळ्यावर ठेवून गुडघ्यांखालची गादी मागे सरकवताना स्प्रिंगा काढून टाकल्या, तरच काम जड होते! कारण तिथे स्प्रिंग गादीला परत आणते, म्हणजे आपल्याला मदत करते. मदत काढून घेतली की सारा भार पोटावर आणि पाठीवर पडतो. तेव्हा एकच स्प्रिंग कधी आधार असते, तर कधी ओझे.

दोन्ही पद्धती स्प्रिंगेचे हे दोन्ही उपयोग करतात. पण पिलाटेसचा कल आधाराकडे आहे. शरीर बरोबर रेषेत कसे हलावे हे स्प्रिंगेच्या मदतीने शिकवायचे, थोड्याच वेळा पण बिनचूक करायचे आणि दमण्यापूर्वी थांबायचे. लाग्रीचा कल ओझ्याकडे आहे. एकाच स्नायूवर मिनिट-दोन मिनिटे सतत ताण ठेवायचा, हालचाल मुद्दाम मंद करायची म्हणजे झोक्याचा फायदा मिळत नाही, आणि स्नायू थकेपर्यंत सोडायचे नाही.

दोन्ही व्यायामांत सांध्यांना हादरे बसत नाहीत. धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार पायावर येतो; इथे पाऊल आपटतच नाही. परंतु हादरा नाही म्हणजे कष्ट नाहीत, असा समज करून घेऊ नये. तो माझा समज एका मिनिटात दूर झाला.

आपल्याकडेही हे दोन्ही विचार आहेत. बी. के. एस. अय्यंगार 1937 साली पुण्यास आले आणि 1975 साली त्यांनी तिथे आपली योगसंस्था उभारली. भिंतीतल्या दोऱ्या, लाकडी ठोकळे, पट्टे आणि खुर्च्या यांच्या मदतीने ज्याला आसन जमत नाही त्यालाही ते जमवता यावे, ही त्यांची रीत. तिथे साधन हा आधार. उलट दुसऱ्या बाजीरावाच्या काळी बाळंभटदादा देवधरांनी ज्या मल्लखांबाला नवे रूप दिले, तो एरंडेल लावलेला गुळगुळीत खांब कुणाला मदत करीत नाही. तिथे स्वतःचे शरीर हेच ओझे.

बाबांचा प्रश्न

घरी येऊन मी हे सगळे रंगवून सांगितले. बाबा म्हणाले, "मी दिवसभर हात चालवतो, तो व्यायाम नाही? आणि तिथे लोक पैसे देऊन थरथरायला जातात!"

मला तेव्हा उत्तर देता आले नाही. पुढे सरकारी रुग्णालयात व्यायामोपचार करणाऱ्या बाईंकडे बाबांना नेले, तेव्हा ते मिळाले. श्रमात शरीर कामासाठी वापरले जाते. काम जसे मागेल तसे ते वाकते आणि तसेच राहते. व्यायामात जे अंग कामात वापरलेच जात नाही त्याला हलवायचे असते. बाबांची बोटे आणि मनगटे पोलादासारखी आहेत, पण पाठीचे आणि ओटीपोटाचे स्नायू वर्षानुवर्षे नुसते बसून आहेत.

बाईंना मी माझ्या वहीतले पिलाटेसचे व्यायाम दाखवले. त्यांनी त्यांतले निम्मे खोडले. पाठ गोल करून पुढे वाकण्याचे आणि चेंडूसारखे लोळण्याचे प्रकार बाबांना नकोत, असे त्या म्हणाल्या. जो माणूस आठ-दहा तास पुढे वाकून बसतो त्याला आणखी वाकवून काय साधणार? उताणे झोपून गुडघे दुमडून कंबर उचलणे, पालथे झोपून छाती थोडी वर उचलणे आणि हातागुडघ्यांवर येऊन विरुद्ध हातपाय लांब करणे, हे तीन प्रकार त्यांनी ठेवले. लाग्रीसारखे थकेपर्यंत करणे दुखऱ्या पाठीला सुरुवातीस योग्य नाही, हेही त्यांनी बजावले. आणि दर तासाला उठायचे, हे औषध सर्वांत स्वस्त.

कोणत्याही एका पद्धतीची जादू सांगणाऱ्यांवर विसंबू नये, हेही मला यातून कळले. कॉक्रेन या संस्थेने 2015 साली जुन्या कंबरदुखीवरील प्रयोग एकत्र तपासले. काहीच न करण्यापेक्षा पिलाटेस बरे, पण इतर व्यायामांपेक्षा ते सरस आहे असा पक्का पुरावा नाही, असा त्याचा निष्कर्ष होता.

तरीही आमच्यासारख्यांच्या दृष्टीने पिलाटेसची एक बाजू मोठी आहे. 2000 साली अमेरिकेतील न्यायालयाने निर्णय दिला, की पिलाटेस हे व्यायामपद्धतीचे सामान्य नाव आहे. त्यावर कुणा एकाची मालकी नाही. त्यातले 34 व्यायाम चटईवर होतात. लाग्रीची पद्धत मात्र यंत्राशिवाय नाही, आणि त्या यंत्रावर व नावावर मालकाचा हक्क आहे. ज्याचे शरीर निरोगी आहे, वय तरुण आहे आणि खिसा जड आहे, त्याला लाग्री थोड्या वेळात भरपूर बळ देईल. वरोरच्या घरात ती पोहोचणार नाही. चटई आधीच पोहोचली आहे.

बाबांची पाठ बरी झाली असे मी लिहिणार नाही. पण त्यांच्या टेबलावर आता गजराचे घड्याळ असते. ते वाजले की बाबा कुरकुरतात, हातातली छिन्नी खाली ठेवतात आणि उठतात. रात्री ओटीवर चटई पडते. शेजारचे दोघे डायवाले काकाही परवापासून आपापली चटई घेऊन येऊ लागले आहेत.

जाता जाता आपल्या महाविद्यालयाच्या जिमखान्याला एक विनंती. जिमखान्यात वजने आहेत आणि ती बहुधा मुलेच उचलतात. एखाद्या जाणकाराला बोलावून आठवड्यातून दोन दिवस चटईवरचा वर्ग सुरू केला, तर मुलीही येतील. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात तोच वर्ग गावात नेला, तर वाकून काम करणाऱ्या आमच्या घरच्या माणसांनाही त्याचा लाभ होईल. यंत्र नको, स्प्रिंग नको. शिकवणारा माणूस हवा.