स्नेह्याची चिठ्ठी आणि सरकारी चाकरी

सरकारी जागांची जाहिरात प्रसिद्ध झाली की शिरूर आणि दौंड या दोन्ही गावी घरोघर एकच प्रश्न ऐकू येतो: "वर कोणाची ओळख आहे काय?" मुलाने अभ्यास किती केला, त्या कामास तो लायक आहे की नाही, हे प्रश्न मागाहून येतात, कित्येकदा येतच नाहीत. कोणी मामाच्या वर्गमित्राकडे धाव घेतो, कोणी पुढाऱ्याकडून शिफारसपत्र मिळवितो, कोणी विसरलेली सोयरीक नव्याने आठवितो. यात आपण काही गैर करीत आहो असे त्यांपैकी कोणासही वाटत नाही, आणि हीच आमच्या मते या रोगाची खरी खूण होय. चोर निदान आपली चोरी लपवितो. वशिला लावणारा तो मिरवितो.

ओळखीच्या माणसावर विश्वास टाकावा हा मनुष्यस्वभाव आहे, हे आम्हांस मान्य आहे. पेढीवर मुनीम ठेवताना आमचे व्यापारी बंधू हेच करतात, आणि त्यात वावगे काही नाही. कारण मुनीम नालायक निघाला तर तोटा मालकाच्या पदरी पडतो. सरकारी जागेची गोष्ट निराळी. तेथे पगार रयतेचा, काम रयतेचे आणि नेमणारा केवळ विश्वस्त. दुसऱ्याच्या तिजोरीतून आपल्या स्नेह्याचे उपकार फेडणे यास औदार्य हे नाव शोभत नाही.

या रीतीचा शेवट कोठे होतो हे पाहण्यास फार दूर जावयास नको. नाना फडणविसांच्या अमदानीत मामलतदार पारखून नेमले जात व त्यांच्या कामावर देखरेख असे. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दीत मामलती मक्त्याने दिल्या जाऊ लागल्या आणि त्यांचा लिलाव खुद्द पेशव्यांच्या भोवतालच्या मंडळींत होऊ लागला, असे एल्फिन्स्टनने १८१९ सालच्या आपल्या अहवालात नमूद केले आहे. एल्फिन्स्टन हा जेत्यांचा अधिकारी होता, हे ध्यानात ठेवूनच त्याचे लिहिणे वाचावे; तथापि मक्त्याची पद्धत खरी होती आणि तिचा भार अखेर पाटलावर व कुणब्यावर पडला, याविषयी वाद नाही.

याच काळातील त्रिंबकजी डेंगळे याचे उदाहरण प्रसिद्ध आहे. हा मूळचा जासूद. १८०२ साली होळकरांच्या भयाने बाजीराव महाडास गेला असता त्रिंबकजीने पुण्याहून पत्राचे उत्तर मोठ्या त्वरेने आणून दिले व तेव्हापासून धन्याची मर्जी संपादिली, असे ग्रँट डफने लिहिले आहे. त्या मर्जीवर तो चढत गेला आणि १८१४ साली अहमदाबादचा सरसुभेदार झाला. जुलै १८१५ मध्ये पंढरपुरी गंगाधरशास्त्री पटवर्धनांचा खून झाला व त्याचा आळ त्रिंबकजीवर आला. त्याची उघड चौकशी करण्याऐवजी बाजीरावाने त्यास पाठीशी घातले; शेवटी त्यास इंग्रजांच्या हवाली करावे लागले, आणि १८१७ च्या जूनमध्ये पुण्याचा नामुष्कीचा तह पत्करावा लागला. वसईच्या तहानंतर घोडनदीकाठी शिरूरास इंग्रजांच्या फौजेची छावणी पडली होती. याच छावणीतून ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री निघालेल्या तुकडीची दुसऱ्या दिवशी कोरेगाव भीमा येथे पेशव्यांच्या सैन्याशी गाठ पडली. केवळ मर्जीतल्या माणसांमुळे राज्य बुडाले असे आम्ही म्हणत नाही. त्रिंबकजीचे धाडस व त्याची स्वामिनिष्ठाही आम्ही नाकारीत नाही. परंतु मर्जीने चढलेला मनुष्य धन्यास "नाही" म्हणू शकत नाही, हे मात्र या इतिहासातून स्पष्ट दिसते.

याच्या उलट रामशास्त्री प्रभुण्यांकडे पाहावे. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाल्यावर रघुनाथरावास त्याचा दोष तोंडावर सांगण्याचे धैर्य त्यांनी दाखविले. नेमणूक त्यांचीही पेशव्यांनीच केली होती. परंतु तिच्या मुळाशी विद्या होती, मर्जी नव्हती. ज्याची जागा गुणावर उभी आहे त्यासच सत्य बोलणे परवडते.

हा रोग केवळ आपलाच आहे असेही नाही. अमेरिकेचे संयुक्त राज्य नवे असता वॉशिंग्टनपाशी युद्धातील सोबत्यांचे व आप्तांचे अर्ज येऊन पडले. १७८९ साली त्याचा पुतण्या बुशरॉड याने व्हर्जिनियातील सरकारी वकिलाची जागा मागितली; त्याच्याहून अनुभवी वकील असताना त्यास नेमणे योग्य नव्हे, म्हणून वॉशिंग्टनने नकार दिला. हा संयम पुढे टिकला नाही. १८२९ पासून जॅक्सनच्या कारकीर्दीत आपल्या पक्षाच्या माणसांस जागा वाटण्याची चाल उघडपणे बोकाळली. आणि १८८१ साली मनाजोगी जागा न मिळालेल्या एका इच्छुकाने अध्यक्ष गारफील्ड याजवर गोळी झाडली. त्या जखमेने अध्यक्षांचा अंत झाला तेव्हा कोठे त्या देशाचे डोळे उघडले आणि १८८३ साली परीक्षेने नोकरभरती करण्याचा कायदा झाला. हिंदुस्थानातही कंपनीच्या संचालकांनी आपल्या आप्तस्नेह्यांच्या मुलांस सनदी नोकऱ्या देण्याची चाल १८५३ च्या सनदेने मोडली व १८५५ पासून स्पर्धापरीक्षा सुरू झाली.

आज आपल्या संविधानाचे १६ वे कलम सरकारी नोकरीत सर्वांस समान संधी देते, आणि महाराष्ट्र लोकसेवा आयोग १९६० पासून काम करीत आहे. दौंडास राज्य राखीव पोलीस दलाचे गट आहेत. त्या दलाच्या भरतीत उमेदवारास ५ किलोमीटर धावावे लागते. तेथे स्नेह्याची चिठ्ठी उमेदवाराच्या पायांस बळ देत नाही. मग वशिला कोठून शिरतो? जेथे परीक्षा नाही तेथून. कंत्राटी नेमणुका, तात्पुरत्या जागा, सोयीच्या बदल्या ही त्याची दारे. अशा मागल्या दाराने आलेल्यांस कायम होण्याचा हक्क नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने उमादेवी खटल्यात २००६ साली दिला. तरी ते दार पुरते बंद झालेले नाही.

वशिल्याने होणारी हानी त्या एका जागेपुरती राहत नाही. ज्या कष्टाळू मुलीची जागा गेली तिला आपण का मागे पडलो हे कधीच कळत नाही, आणि जो मुलगा खरोखर गुणावर निवडला गेला त्याच्याकडेही लोक संशयाने पाहतात. वशिल्यावाचून काही होत नाही ही समजूत दृढ झाली की ती विकणारे दलालही उभे राहतात. मग कोणी शेत गहाण टाकून पैसा भरतो आणि हाती ना जागा येते ना पैसा. व्यापारी बंधूंनी हेही ध्यानात घ्यावे की, उपकाराने बसलेला कारकून उपकारकर्त्याच्या कागदास आधी हात लावतो. तुमचा कागद तळाशी राहतो.

यास्तव आमच्या वाचकांस आमची आग्रहाची विनंती आहे. ज्यांच्या शब्दास गावात वजन आहे त्यांनी उमेदवाराविषयी स्वतःस ठाऊक असेल तेवढेच लिहावे, तेही नियमाने दाखला मागितला असेल तेव्हाच. आणि पदासाठी गळ घालणारी चिठ्ठी कोणासही देऊ नये. निवडयाद्या गुणांसह प्रसिद्ध होतात की नाही हे पाहावे, आणि न झाल्यास २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने त्या मागाव्या. मंत्र्यांच्या सत्कारास जो पैसा जातो त्यातील काही भाग शिरूरास व दौंडास चांगल्या अभ्यासिकांकडे वळवावा. चिठ्ठीने फार तर एका घरचा मुलगा नोकरीस लागेल. अभ्यासिकेचे दार ज्यांच्यासाठी चिठ्ठी लिहिणारा कोणीच नाही, त्यांसही उघडे राहील.