उत्तरा नक्षत्रातील बेट

सूर्य ज्या नक्षत्रात असेल त्या नक्षत्राच्या नावाने पाऊस ओळखण्याचा आपल्याकडील जुना शिरस्ता आहे, आणि १३ सप्टेंबरच्या सुमारास सूर्य उत्तरेत शिरला, की आमच्या जळकोटकडचा शेतकरी आभाळाकडे पाहतो तो शेंगा भरतील की नाही या एकाच चिंतेने. परंतु पुढे सूर्य हस्तात जाईपर्यंतच्या या तेरा-चौदा दिवसांत आमच्याच लातूर जिल्ह्यातील चाकूर तालुक्यात, वडवळ नागनाथ या गावाजवळील एका टेकडीकडे, गावोगावची माणसे जाऊ लागतात. त्यांच्यात वृद्ध असतात, दीर्घकाळ दुखण्याने गांजलेले असतात, लेकरांना कडेवर घेतलेल्या आया असतात. आणि हा सारा लोकसमुदाय तेथे जातो तो केवळ देवदर्शनाच्या हेतूने नव्हे, तर वनस्पतींच्या सान्निध्यात काही घटका घालवाव्यात म्हणून. त्या टेकडीला लोक ‘संजीवनी बेट’ म्हणतात.

पाण्याने वेढलेली भूमी ते बेट, असे शाळेतील भूगोल शिकवतो. आमच्या मुलखात सपाट रानात एकाकी उभ्या असलेल्या डोंगरालाही बेट म्हणण्याची रीत आहे. उदगीर तालुक्यातील देवर्जनजवळचे हत्तीबेट हे त्याचे दुसरे प्रसिद्ध उदाहरण. ही रीत मला फार अन्वर्थक वाटते, कारण भोवतालची इंच न् इंच जमीन नांगराखाली गेली असता अशा डोंगरावरच मूळच्या वनश्रीला आश्रय मिळतो, आणि शेतीच्या समुद्रातले ते खरोखरीच बेट ठरते.

उत्तरा नक्षत्रात या बेटावरील औषधींना विशेष वीर्य प्राप्त होते आणि त्यांच्यावरून येणाऱ्या वाऱ्याने व्याधी शमतात, अशी लोकांची श्रद्धा आहे. त्या श्रद्धेने माणसे बेटावर हिंडतात, झाडाखाली बसतात, आणि दिवस कलल्यावर घराकडे वळतात. वाऱ्याने रोग बरा होतो असे मी म्हणणार नाही. दम्याच्या किंवा मधुमेहाच्या रुग्णाने वैद्याचे चालू औषध या भरवशावर थांबवू नये, हे तर मी आग्रहाने सांगेन. परंतु ज्या कोणी हा काळ निवडला त्याचे निरीक्षण सूक्ष्म होते, यात मला शंका वाटत नाही.

तीन महिन्यांच्या पावसाने पोसलेली वनस्पती या दिवसांत आपल्या पूर्ण रूपात उभी असते. चैत्रात ज्या जागी वाळलेल्या काड्यांखेरीज काही दिसत नाही, तेथे भाद्रपदात पान, फूल आणि कोवळे फळ ही तिन्ही एका वेळी सापडू शकतात, आणि वनस्पतीची ओळख पटविण्यास या तिहींचा, त्यातही फुलाचा, आधार लागतो. चरकसंहितेच्या कल्पस्थानात औषधी केव्हा गोळा करावी याचा जो विचार आहे, तो प्रत्येक अवयवाचा ऋतू वेगळा मानतो: पाने व फांद्या वर्षाऋतूत व वसंतात, मुळे ग्रीष्मात किंवा शिशिरात, झाडाचा गाभा हेमंतात, आणि साल, कंद व चीक यांच्यासाठी शरद सांगितला आहे. उत्तरेचा पंधरवडा वर्षा व शरद यांच्या उंबरठ्यावर येतो, हे लक्षात घेतले म्हणजे लोकरूढी आणि शास्त्र यांच्यात आपण समजतो तितके अंतर नाही असे दिसून येते.

आमच्या भागातील माळरानावर व डोंगरउतारावर या दिवसांत सहज भेटणाऱ्या वनस्पतींपैकी कळलावीचेच उदाहरण घ्या. पिवळ्यातून तांबड्या होत जाणाऱ्या, वर उलटलेल्या पाकळ्यांचे तिचे फूल ज्वालेसारखे दिसते, म्हणूनच तिला अग्निशिखा असेही नाव आहे. तिच्या कंदातील कोल्चिसीन हे द्रव्य संधिरोगावरील औषध म्हणून आधुनिक वैद्यकातही वापरले जाते. पण तोच कंद अजाणतेपणी खाल्ला तर प्राण घेतो. ज्याला ती ओळखता येते आणि ज्याला येत नाही, अशा दोघांसाठी ती दोन निराळ्या वनस्पती आहेत असेच म्हटले पाहिजे.

याच कारणास्तव युरोपातील वनस्पती उद्याने निर्माण झाली. इटलीत पादुआ येथील विद्यापीठाने १५४५ साली जे उद्यान उभारले आणि जे आजही आपल्या मूळ जागी आहे, त्याचा हेतू शोभेचा नव्हता. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना खरी औषधी कोणती आणि तिच्यासारखी दिसणारी खोटी कोणती, हे डोळ्यांनी पाहून कळावे, यासाठी ते होते. पुढे तेथील मौल्यवान वनस्पतींची चोरी होऊ लागली, म्हणून उद्यानाभोवती वर्तुळाकार भिंत घालावी लागली. त्या भिंतीची आठवण मला वडवळच्या बेटाच्या संदर्भात पुनःपुन्हा होते, आणि त्याचे कारण पुढे येईलच.

मराठवाड्याच्या या कोपऱ्याला अशी उद्याने व प्राणिसंग्रहालये कधी जवळ नव्हतीच. निजामाच्या अमलात उदगीर तालुका बीदर जिल्ह्यात मोडत असे. त्या काळी प्राणी पाहायचे तर हैदराबादच्या बागेआमकडे जावे लागे, आणि तेथील प्राणी ज्या नेहरू प्राणिउद्यानात गेले ते ६ ऑक्टोबर १९६३ रोजी खुले झाले तेव्हा आम्हाला हैदराबाद राज्यातून निघून सात वर्षे होत आली होती. नव्या राजधानीत भायखळ्याची राणीची बाग होती, १९५१ सालचे तारापोरवाला मत्स्यालय होते; पण जळकोटच्या शाळकरी मुलाला मुंबई हैदराबादपेक्षाही दूर. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात वन्यजीव सप्ताह साजरा होतो, तेव्हा शहरातील मुले पिंजऱ्यासमोर उभी राहून वाघाचे चित्र काढतात. आमच्या मुलांना तो योग नाही. मात्र पोळ्याला गावचे सारे पशुधन शिंगे रंगवून वेशीत उभे राहते, आणि हाळीच्या बाजारात लाल कंधारी व देवणी बैलांची पारख करणारी जाणती माणसे भेटतात. तीच मुले गणपतीच्या पत्रीसाठी आघाडा, दूर्वा, माका, शमी शोधीत बांधाबांधाने हिंडतात. शरदात तलावाचा गाळ खाली बसून पाणी निवळते, तेव्हा काठाशी उभे राहिले की उथळ पाण्यातील माशांची पिले स्पष्ट दिसतात, आणि काचेची गरज भासत नाही.

आता त्या भिंतीविषयी. जेथे औषधीची कीर्ती होते तेथे ती उपटून नेण्याचा मोह होतोच. शतावरीसारख्या वनस्पतीचे औषधी द्रव्य तिच्या मुळांतच असल्याने एक जुडगा काढणे म्हणजे ते झाड संपविणे होय. आणि ते बी धरण्याच्या आत काढले तर पुढील सालच्या उत्तरेत त्या जागी काही उगवत नाही. बेटाला भिंत घालावी असे मी सुचविणार नाही. लोकांच्या येण्यातच त्याचे रक्षण आहे. पण त्या पंधरवड्यापुरती तरी अशी तजवीज व्हावी, की वनस्पतिशास्त्राचे अध्यापक, वनखात्याचे जाणकार आणि परिसरातील वैद्य वाटेवर उभे राहतील, झाडाझाडाशी मराठी व शास्त्रीय नावांच्या पाट्या असतील, आणि जळकोट, उदगीर, अहमदपूर येथील शाळांची मुले वह्या घेऊन तेथे येतील. श्रद्धेने आलेल्या वृद्धेला शतावरी ओळखता येतेच. तिच्या नातवाला ती येत नाही, आणि दोघे एकाच दिवशी एकाच वाटेवर असतात.

सूर्य हस्तात गेला की बेटावरची वर्दळ ओसरते, गवत पिवळे पडू लागते. माळावर त्या वेळी तरवड सोनेरी फुलांनी लगडलेला असतो. नवरात्रात आमच्याकडे त्याच फुलांची माळ घटावर चढते. आणि येथून पूर्वेस, देगलूरच्या पलीकडे तेलंगणाची हद्द लागते, तेथे त्याच तरवडाला ‘तंगेडू’ म्हणतात, आणि महालयाच्या अमावास्येपासून स्त्रिया ही फुले कुरडूच्या तुऱ्यांसह थरांवर थर रचून बतुकम्मा मांडतात व तिच्याभोवती फेर धरतात. त्या दिवसांत हद्दीच्या दोन्ही बाजूंना भल्या सकाळी परड्या घेऊन माळाकडे निघालेल्या मुली दिसतात.