दगडात विणलेला गोफ : प्राचीन क्रुसांवरील नक्षी

अंबरनाथच्या इ. स. १०६० मधील शिवमंदिराच्या भिंती पाहताना पाथरवटांच्या हातांचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही. त्याच्याही एक-दोन शतके आधी आयर्लंडमधील पाथरवट दगडी क्रुसांवर गोफासारखी नक्षी कोरीत होते. मोनास्टरबॉइस येथील सुमारे साडेपाच मीटर उंचीचा मुइरेदाखचा क्रूस हे तिचे सुंदर उदाहरण होय.

या नक्षीचा नियम साधा आहे. पट्टी एकदा दुसरीच्या वरून जाते, पुढच्या छेदावर खालून, आणि हा क्रम कोठेही मोडत नाही. आपल्याकडील गोफनृत्यात रंगीत दोर असेच गुंफले जातात. ठिपक्यांच्या रांगोळीप्रमाणे आधी चौकटी आखून घेतल्या की कितीही गुंतागुंतीची वीण चुकत नाही.

ही गुंफण अनंत जीवनाचे प्रतीक आहे, असे पुष्कळदा सांगितले जाते. चिंतनासाठी हा अर्थ सुंदर आहे. परंतु तो कोरणाऱ्यांनी लिहून ठेवलेला नाही. अशी वीण रोमन काळातील फरशांवरही आढळते. ख्रिस्ती कारागिरांनी हाताशी असलेली कलाच क्रुसाला वाहिली.

भारतातही तेच घडले. चेन्नईच्या संत थॉमस पर्वतावर १५४७ मध्ये सापडलेल्या क्रुसावर गोफ नाही. त्याची टोके कळ्यांसारखी उमललेली आहेत, पायाशी दोन्ही बाजूंस पाने आहेत (अनेकांना त्यांत कमळ दिसते), वर कबुतर आहे, भोवती मकरयुक्त स्तंभ आणि कमानीवर पहलवी लिपीतील लेख आहे. कोट्टयमच्या वलियापल्लीतही असे क्रूस आहेत. गोव्यात आगशी येथे २००१ मध्ये फादर कॉस्मे कॉस्ता यांना पहलवी लेख असलेला क्रूस सापडला. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथील सिरो-मलबार कुटुंबांना परिचित असलेला 'मार थोमा स्लीवा' याच परंपरेतला आहे. सहाव्या शतकात कॉस्मस या प्रवाशाने 'कल्लियाना' येथे पर्शियाहून नेमलेला बिशप असल्याचे लिहिले. अनेक अभ्यासक ते स्थान म्हणजे आपले कल्याण मानतात.

म्हणूनच एक नम्र विनंती. जुन्या दगडी क्रुसाला श्रद्धेने तैलरंग दिला की कोरीव खाचा बुजतात. घासूनपुसून चकचकीत केला की अक्षरे झिजतात. अशा कामाला हात घालण्यापूर्वी त्याची सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत आणि पुरातत्त्वाच्या जाणकाराचा सल्ला घ्यावा. पुसलेली रेघ पुन्हा कोरता येते. पण मग ती पूर्वजांची राहत नाही.