कुंभकोणमच्या शाळेतील पावसाळी हिवाळा

दिवाळी सरली की महाराष्ट्रात घरोघरी शाली आणि स्वेटर बाहेर निघतात. कावेरीकाठच्या कुंभकोणममध्ये मात्र याच सुमारास छत्र्या बाहेर निघतात. ईशान्य मोसमी वाऱ्यांचा पाऊस ऑक्टोबरमध्ये सुरू होतो तो डिसेंबरपर्यंत रेंगाळतो. तामिळनाडूच्या वर्षभराच्या पावसापैकी जवळजवळ निम्मा पाऊस याच तीन महिन्यांत पडतो. तपमान वीस अंशांच्या खाली क्वचितच उतरते. त्यामुळे येथील प्राथमिक शिक्षिकेच्या लेखी हिवाळा म्हणजे ओली दप्तरे आणि अर्धे रिकामे वर्ग!

कुंभकोणम हे नाव मराठी वाचकास अगदीच अपरिचित नसावे. येथून सुमारे चाळीस किलोमीटरवर असलेल्या तंजावरात भोसल्यांनी १६७६ पासून १८५५ पर्यंत राज्य केले. पुढे बडोद्याचे दिवाण म्हणून ख्यातकीर्त झालेले सर टी. माधवराव १८२८ मध्ये जन्मले ते याच गावी, एका तंजावरी मराठी कुटुंबात. गणिती श्रीनिवास रामानुजन यांनी प्राथमिक परीक्षा जिल्ह्यात सर्वप्रथम येऊन उत्तीर्ण केली ती येथेच, १८९७ च्या नोव्हेंबर महिन्यात, म्हणजे ऐन पावसाच्या दिवसांत.

या दिवसांत शिक्षिकेची सकाळ बातम्यांनी सुरू होते. पाऊस फार झाला तर जिल्हाधिकारी शाळांना सुट्टी जाहीर करतात. मुलांना तिचा आनंद. शिक्षिकेला मात्र बुडालेला दिवस पुढे एखाद्या शनिवारी भरून काढण्याची चिंता. आसपासच्या खेड्यांत सांबा भाताची पिके उभी असतात. शेतमजुरांची मुले वाटेतील पाणी ओसरेपर्यंत घरीच राहतात, आणि परतली की मागचा पाठ पुन्हा पहिल्यापासून शिकवावा लागतो. पहिली-दुसरीतील मुलाला चार दिवसांत अक्षर विसरायला वेळ लागत नाही.

मुले शाळेत यावीत म्हणून तामिळनाडूने जेवढे अन्न शिजवले तेवढे क्वचितच दुसऱ्या राज्याने शिजवले असेल. १९८२ पासून पौष्टिक भोजन योजना आहे. २०२२ मध्ये सकाळच्या न्याहारीची योजना सुरू झाली आणि पुढील वर्षी ती राज्यातील सर्व शासकीय प्राथमिक शाळांत पोहोचली. भर पावसात भिजत आलेल्या मुलाच्या पुढ्यात गरम उपमा किंवा पोंगल आले की हजेरीपटावर त्याचा परिणाम दिसणारच.

परंतु कुंभकोणममध्ये शाळेची चूल आणि शाळेचे छप्पर या दोहोंकडे कोणाचीही नजर सहजपणे जात नाही. १६ जुलै २००४ रोजी सकाळी येथील एका खासगी शाळेत भोजनाच्या स्वयंपाकघरातून आग उसळली आणि झावळ्यांच्या छपराने पेट घेतला. एकाच इमारतीत एकाहून अधिक शाळा भरत होत्या, मुले दाटीवाटीने बसली होती, जिना अरुंद होता. ९४ मुले मृत्युमुखी पडली. त्यांतील बहुतेक प्राथमिक वर्गांतील होती.

झावळ्यांचे छप्पर कोणी हौसेने घालत नव्हते. ते स्वस्त असते आणि या उष्ण प्रदेशात उन्हाळ्यात गारवा देते. दुर्घटनेनंतर शासनाने शाळांवरील अशी छपरे उतरवण्याचे आदेश दिले. त्यांच्या जागी जेथे पत्रा आला, तेथे शिक्षिकेपुढे निराळीच अडचण उभी राहिली. मुसळधार सरींत पत्र्याखाली शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचत नाही. मग पाढे बाजूला ठेवून शुद्धलेखन घ्यावे, चित्र काढून घ्यावे. ही तडजोड अर्थातच पत्करण्याजोगी आहे.

या दुर्घटनेनंतर दाखल झालेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २००९ रोजी निर्णय दिला. सुरक्षित शाळा हा शिक्षणाच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने ठरवले. शाळांमध्ये अग्निशामक उपकरणे असावीत आणि शिक्षकांसह कर्मचाऱ्यांना आगीच्या वेळी काय करावे याचे प्रशिक्षण मिळावे, असे निर्देश देशभरासाठी दिले गेले. आपल्या गावातील शाळेच्या भिंतीवर लाल रंगाचे नळकांडे टांगलेले दिसते, त्यामागे कुंभकोणमची ती सकाळही आहे. ते शेवटचे कधी तपासले, हे पालकांनी विचारण्यास हरकत नसावी.

शिक्षिकेच्या कामात मात्र हे सारे रोजचेच. पाऊस लागला की आधी भिंतीला ओल आली आहे का, विजेच्या बटणाजवळ पाणी झिरपते का, हे पाहायचे. जिन्यावर दप्तरे किंवा छत्र्यांचा ढीग साचू द्यायचा नाही. न्याहारीला मुले खाली गेली की मोजायची, वर आली की पुन्हा मोजायची. बँकेत दिवसअखेर रोकड जुळल्याखेरीज रोखपाल उठत नाही. इथे ती जुळणी दिवसातून अनेकदा होते.

डिसेंबरात पाऊस ओसरू लागतो आणि अर्धवार्षिक परीक्षा येऊन ठेपते. त्याच महिन्याच्या २२ तारखेला रामानुजन यांची जयंती. ती राष्ट्रीय गणित दिन म्हणून देशभर पाळली जाते. रामानुजनच्या गावातील शिक्षिका तोवर चुकलेल्या मुलांकडून पाढे पाठ करून घेत असते आणि राहिलेल्या शनिवारांचा हिशेब मांडत असते.